कागद एजन्सीचा, सही तुमची

बडोद्याच्या एका ताईंनी विचारलंय, ते आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. वय २९, फाइन आर्ट्समधून शिकलेल्या, चार वर्षं घरी बसून इलस्ट्रेशनची कामं करतात. गिऱ्हाइकं बहुतेक नेदरलँड्स आणि अमेरिकेतली. त्यांना थायलंडमधल्या चियांग माईला सहा-आठ महिने राहून हेच काम करायचंय, म्हणून डीटीव्ही, म्हणजे डेस्टिनेशन थायलंड व्हिसा, काढायचाय. अलकापुरीतल्या एका एजन्सीने त्यांना ४५,००० बाटचं पॅकेज सांगितलंय. त्यात बँकॉकच्या एका शाळेचं सहा महिन्यांच्या थाई स्वयंपाकाच्या कोर्सचं पत्र, इथल्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र आणि "फंड आम्ही दाखवून देऊ" हे सगळं येतं. १५,००० रुपये आगाऊ देऊन झालेत. आणि प्रश्न असा: "एजन्सीची कागदपत्रं लावली तर चालतात का? सगळेच लावतात म्हणे."

सगळेच लावतात हे खरं आहे. मीही लावतो. २२ वर्षं हेच काम करतोय, आधी रावपुऱ्यात दुसऱ्याच्या ऑफिसात, मग दांडिया बाजारात स्वतःचं छोटं टेबल टाकून. माझं घर याच धंद्यावर चालतं, तेव्हा एजन्सीवाले सगळे लबाड असं मी म्हणणार नाही. पण समोरचा "एजन्सीची कागदपत्रं" म्हणाला की मी लगेच विचारतो, कुठली? लिहून दिलेली, मिळवून दिलेली, की उभी केलेली?

लिहून दिलेली म्हणजे कव्हर लेटर, फॉर्म भरणं, भाषांतर, फाइल लावणं. यात काही गैर नाही. पैसे देऊन चांगलं हस्ताक्षर विकत घेण्यासारखंच आहे ते. फक्त सही करण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, त्यांच्या कव्हर लेटरमध्ये त्यांना दोन मुलं होती. प्रत्यक्षात एकच. आधीच्या गिऱ्हाइकाचं पत्र उघडून नाव बदललेलं, मुलं बदलायची राहिली.

मिळवून दिलेली म्हणजे विमा, राहण्याची जागा, खऱ्याखुऱ्या शाळेतला प्रवेश. कागद तिसऱ्याच कुणाचा असतो, एजन्सी फक्त मधली. तो तिसरा खरोखर आहे का आणि तुम्ही खरोखर त्याच्याकडे जाणार आहात का, इतकं तपासलं की झालं.

उभी केलेली म्हणजे जी नोकरी तुम्ही करत नाही तिचं पत्र, जे पैसे तुमचे नाहीत त्यांचं स्टेटमेंट. इथे "चालतं का" हा प्रश्नच चुकीच्या जागी आहे. चालतं, चालतं, आणि एक दिवस चालत नाही. तो दिवस तुमचा असेल की शेजारणीचा, हे आधी कळत नाही.

तुमच्या पॅकेजात मिळवून दिलेला एक कागद आहे आणि उभे केलेले दोन. पण तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून या तिन्हींची तुम्हाला गरजच दिसत नाही. तुमची खरी अडचण एजन्सी नाही. आपल्याकडे स्वतःचे कागद नाहीत असं कुणीतरी तुम्हाला पटवून दिलंय, ही खरी अडचण आहे.

डीटीव्ही काय आहे ते आधी नीट बघू. हा व्हिसा जुलै २०२४ मध्ये सुरू झाला. पाच वर्षांची मुदत, कितीही वेळा आत-बाहेर, दर प्रवेशाला १८० दिवस. वय २० पूर्ण हवं आणि किमान ५ लाख बाट दाखवावे लागतात, म्हणजे दर वर-खाली धरून साधारण तेरा ते पंधरा लाख रुपये. मूळ शुल्क १०,००० बाट, नकार आला तरी परत मिळत नाही. अर्ज करताना तुम्ही थायलंडच्या बाहेर असायला हवं. अर्ज ऑनलाइन होतो आणि गुजरातवाल्यांची फाइल मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासाकडे जाते.

आत शिरायला दारं दोन. (तिसरं नवरा-बायको आणि २० वर्षांखालच्या मुलांचं, ते तुम्हाला लागू नाही.) एक दार काम बरोबर घेऊन जाणाऱ्यांचं: बाहेरच्या कंपनीचे दूरस्थ कर्मचारी, फ्रीलान्सर वगैरे. तिथे नोकरीचा करार किंवा व्यावसायिक पोर्टफोलिओ मागतात. दुसरं दार त्यांच्या भाषेत "सॉफ्ट पॉवर"चं: मुए थाई (थाई बॉक्सिंग), थाई स्वयंपाक, खेळाचं प्रशिक्षण, वैद्यकीय उपचार. तिथे संबंधित संस्थेचं पत्र लागतं.

आता बघा, तुम्ही शंभर टक्के पहिल्या दाराचं माणूस. एजन्सी तुम्हाला दुसऱ्या दाराने नेतेय, कारण पहिल्या दाराचे कागद तुमच्याकडे आहेत आणि दुसऱ्याचे तिच्याकडे. कमाई कशात आहे हे वेगळं सांगायला नको. वरून पहिल्या दाराचं नोकरीचं पत्रही त्याच फाइलमध्ये घालतेय, "असू द्या, मजबुती येते." मजबुती कसली? स्वयंपाक शिकायला जाणारी बाई त्याच वेळी इथल्या कंपनीत नोकरीला आहे आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रात मात्र तिचं उत्पन्न धंद्याचं आहे! एका फाइलमध्ये तीन बायका झाल्या.

नोकरीच्या पत्राबद्दल माझ्या अंगावर आलेली एक गोष्ट सांगतो. २०११ च्या आसपासची. ब्रिटनची फाइल होती, नोकरीचं पत्र गिऱ्हाइकाने दुसऱ्या एका एजन्सीकडून आणलं होतं. लेटरहेड छान, शिक्का गोल, सही निळ्या शाईत. मी फोन करून बघायला हवं होतं, केला नाही. पडताळणीचा फोन गेला आणि लेटरहेडवरचा लँडलाइन नंबर मांडवीजवळच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात वाजला. दुकानदार बिचारा सरळ माणूस. म्हणाला, इथे अशी कंपनी नाही, पण तिच्यासाठी फोन फार येतात. त्या गिऱ्हाइकाला नुसता नकार नाही आला, फसवणुकीच्या कलमाखाली नकार आला. ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ दहा वर्षं बंदी. त्याची बहीण लेस्टरला होती, तिच्या मुलीच्या लग्नाला तो जाऊ शकला नाही. पत्र बनवणारी एजन्सी तोपर्यंत नाव बदलून दुसऱ्या मजल्यावर गेली होती. तेव्हापासून माझ्या टेबलावर नियम आहे: पत्रावर जो नंबर आहे तो मी स्वतः लावतो, गिऱ्हाइकासमोर, स्पीकरवर.

आता तुमचे स्वतःचे कागद. फ्रीलान्सरकडे काही नसतं हा गैरसमज बडोद्यात फार आहे, कारण आपल्याकडे "पगाराची स्लिप" हाच कागद समजतात. माझ्याकडे फ्रीलान्सर आले की मी त्यांना तीन वर्षांची विवरणपत्रं आणि पोचपावत्या आणायला सांगतो. तुम्ही भरली असतील असं धरतो. नसतील, तर व्हिसाच्या आधी चार्टर्ड अकाउंटंटकडे जा, तो वेगळाच खड्डा आहे. मग बँकेकडून, किंवा ज्या माध्यमातून पैसे येतात त्यांच्याकडून, परदेशी रक्कम जमा झाल्याचे दाखले. एफआयआरए म्हणतात त्यांना. पेयोनियर, वाइज अशा माध्यमांतून येत असेल तर तिथूनही काढता येतात. मग बिलं.

आणि मग आम्ही जे करतो ते जरा कंटाळवाणं आहे, पण फाइल त्यावरच उभी राहते. बिलं आणि बँक स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवायची आणि पेन्सिलीने जोड्या लावायच्या. बिल नंबर १७, तारीख अमुक, ८५० युरो. खात्यात जमा अमुक तारखेला, रुपये इतके. फरक दिसला तर तो बँकेच्या शुल्काचा की दराचा, हे बाजूला लिहायचं. बारा महिन्यांचा एक तक्ता, दोन पानांचा. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला तुमची सगळी कला समजणार नाही आणि समजायची गरजही नाही. बिल नंबर १७ खात्यात सापडलं की त्याच्या मनातला निम्मा संशय संपतो. उत्पन्न महिन्याला सारखं नाही म्हणून घाबरू नका. एका महिन्यात दीड लाख आणि पुढच्यात तीस हजार, हीच खऱ्या फ्रीलान्सरची नाडी आहे. दर महिन्याच्या एक तारखेला बरोबर ऐंशी हजार जमा होणारा फ्रीलान्सर मला जास्त संशयास्पद वाटतो.

नेदरलँड्सच्या आणि अमेरिकेच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांकडून एकेक पत्र मागा. चार-पाच ओळी पुरे: या बाईंबरोबर अमुक सालापासून काम करतो, काम दूरस्थ आहे, पुढेही चालू राहील, सही, हुद्दा, कंपनीच्या ईमेलवरून पाठवलेलं. तुम्हाला वाटेल, परक्या माणसाकडे असं कसं मागायचं. मागून बघा. युरोपातल्या लोकांना असलं पत्र देणं म्हणजे पाच मिनिटांचं काम वाटतं, संकोच आपल्यालाच असतो. हे पत्र एजन्सीच्या नोकरीच्या पत्रापेक्षा भारी ठरतं, कारण त्याच्या मागे फोन उचलणारा माणूस आहे.

पोर्टफोलिओ दहा-बारा पानांचा पीडीएफ करा. चित्र, खाली गिऱ्हाइकाचं नाव, वर्ष, प्रकाशित झालं असेल तर दुवा. फाइन आर्ट्सवाल्यांची सवय असते, सगळं घालायचं, पहिल्या वर्षाच्या चारकोल स्टडीपासून. ते प्रदर्शनासाठी ठेवा. जीएसटी नोंदणी असेल तर दाखला आणि निर्यातीचं एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, जोडा. उलाढाल २० लाखांच्या आत आहे म्हणून नोंदणी नसेल, तर केवळ फाइल जाड दिसावी म्हणून ती काढू नका. नंतर दर महिन्या-तिमाहीला विवरणपत्रं भरत बसाल.

आता फंड. तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात खुपलेला भाग हाच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

"फंड दाखवून देऊ" हे आपल्याकडे कसं चालतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. तुमच्या नावाने खातं उघडतात. अर्जावर मोबाइल नंबर त्यांचा, ईमेल त्यांचा. चेकबुक आलं की सगळ्या चेकांवर तुमच्या कोऱ्या सह्या घेतात, एटीएम कार्डही त्यांच्याच कपाटात. मग सावकार पैसे टाकतो, स्टेटमेंट निघतं, पैसे परत जातात, तुम्ही टक्केवारी देता. एजंट गुजरातीत गोड सांगतो, "बेन, टेन्शन नहीं लेवानुं, बधुं थई जशे." होतं खरं सगळं. तुमच्या पॅनला जोडलेलं एक खातं ज्याच्यावर तुमचा ताबाच नाही, त्यातून त्या सावकाराने आणखी कुणाकुणाचे पैसे फिरवले ते तुम्हाला कधीच कळणार नाही. पुढे प्राप्तिकर खात्याने तेरा लाख कुठून आले विचारलं, तर उत्तर तुम्ही द्यायचं. आणि तेव्हा "ते एजन्सीचे होते" हे उत्तर नसतं, कबुलीजबाब असतो.

याहून स्वस्त प्रकार म्हणजे स्टेटमेंटच संगणकावर बनवणं. मी पाहिलेल्या एका नमुन्यात रविवारी चेक क्लिअरिंगची नोंद होती. दुसऱ्यात शिल्लक रक्कम जुळत नव्हती, मी साधा कॅल्क्युलेटर घेऊन बसलो तेव्हा चौथ्या ओळीलाच चुकली. मला दिसतं ते रोज हेच बघणाऱ्याला दिसणार नाही? तुम्ही आयुष्यात एक फाइल बघता. तो अधिकारी एकाच एजन्सीच्या पन्नास बघतो, सारख्याच फॉन्टच्या, सारख्याच शब्दांच्या, कधीकधी सारख्याच स्पेलिंगच्या चुकीच्या.

तुम्ही लिहिलंय की स्वतःची बचत सहा लाख आहे आणि बाबांची निवृत्तीनंतरची एफडी आहे. मग सावकार कशाला? बाबा राजी असतील तर त्यांनी कमी पडणारी रक्कम एफडी मोडून एनईएफटी किंवा आरटीजीएसने थेट तुमच्या खात्यात टाकावी. रोख नको, काकांच्या खात्यातून फिरवून नको. फाइलमध्ये चार कागद लावायचे: एफडी बंद केल्याची बँकेची नोंद, बाबांच्या खात्याचं स्टेटमेंट, बाबांचं साधं बक्षीसपत्र, आणि नातं दाखवायला तुमचा जन्मदाखला किंवा पासपोर्टचं वडिलांचं नाव असलेलं पान. आई-वडिलांकडून मिळालेल्या अशा रकमेवर मुलीला कर लागत नाही. एफडी मुदतीआधी मोडली तर व्याज थोडं कमी मिळेल. सावकाराच्या टक्क्यांशी ते ताडून बघा, बहुतेक वेळा बाबांचं नुकसान कमीच निघतं. आणि परत आल्यावर पैसे पुन्हा त्यांना देता येतात, हे बाबांना आधीच सांगा. आपल्याकडच्या वडिलांना एफडी मोडणं म्हणजे घराची भिंत पाडल्यासारखं वाटतं.

मात्र पैसे आले की लगेच अर्ज लावू नका. कुठे तीन महिन्यांचं स्टेटमेंट मागतात, कुठे सहा. दूतावासागणिक आणि वेळेगणिक हे बदलतं, म्हणून अर्जाच्या आठवड्यात मुंबईच्या दूतावासाची यादी स्वतः उघडून बघा. माझी पद्धत अशी की रक्कम कमीत कमी तीन महिनाअखेरी खात्यात दिसू दे. मधे ती ५ लाख बाटच्या खाली जाता कामा नये, आणि दर हलतो म्हणून वर पन्नास-साठ हजारांची गादी ठेवा. एफडीच ठेवून चालेल का, बाबांचं प्रायोजक पत्र लावून चालेल का, हे मला बरेच जण विचारतात. नियमांत प्रायोजक पत्राचा उल्लेख आहे. पण कमावत्या, २९ वर्षांच्या अर्जदाराच्या स्वतःच्या बचत खात्यातले पैसे यावर कुणी प्रश्न विचारत नाही, म्हणून मला तो रस्ता आवडतो. स्टेटमेंट शाखेतून शिक्का-सहीचं घ्या. बडोद्यात निम्म्या घरांत बँक ऑफ बडोदाचं पासबुक असतं, सयाजीराव महाराजांच्या १९०८ सालच्या बँकेवर आपला जीव, पण पासबुकाची झेरॉक्स म्हणजे स्टेटमेंट नव्हे. हे मला आठवड्यातून एकदा तरी सांगावं लागतं.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: फ्रीलान्सरच्या दाराने जा, बिलं आणि खातं यांचा तक्ता करा, दोन गिऱ्हाइकांची पत्रं मागवा, बाबांचे पैसे उघड मार्गाने आणा आणि तीन महिने थांबा. यात एजन्सीची कामं उरतात ती फॉर्म भरणं आणि फाइल लावणं एवढीच, आणि त्याला ४५,००० बाट लागत नाहीत.

आता समजा तुम्हाला खरंच थाई स्वयंपाक शिकायचाय. असू शकतं, चियांग माईला त्यासाठी लोक मुद्दाम जातात. मग दुसरं दार वापरणं पूर्ण रास्त आहे आणि शाळेचं पत्र एजन्सीमार्फत आलं तरी हरकत नाही. पण मग शाळा बँकॉकला आणि तुम्ही चियांग माईला, हे कसं? दोन्हींत सातशे किलोमीटर अंतर आहे. आठवड्याला तीन वर्ग करायला रात्रीची गाडी पकडणार का? हा प्रश्न मला पाच सेकंदांत पडला, अधिकाऱ्यालाही पडेल. शाळा निवडायची तर तुम्ही राहणार त्या गावातली निवडा. पत्रात वर्गांचे दिवस, तास, सुरुवात-शेवट, भरलेली फी आणि संस्थेचा तेरा आकडी नोंदणी क्रमांक हवा. थायलंडच्या वाणिज्य मंत्रालयाच्या व्यवसाय विकास विभागाकडे त्या क्रमांकावरून कंपनी शोधता येते. एजन्सीला न सांगता शाळेला थेट मेल टाका: माझ्या नावाने प्रवेश झालाय का, वेळापत्रक पाठवाल का? खरी शाळा दोन दिवसांत उत्तर देते, बहुधा एप्रनचं माप विचारत.

एजन्सी कुठलीही असो, एका गोष्टीवर अडून बसा. ई-व्हिसाच्या संकेतस्थळावरचं खातं तुमच्या ईमेलवर, पासवर्ड तुमच्याकडे. एजंट स्वतःच्या ईमेलवर उघडतात, त्यांना सोयीचं पडतं. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे रडकुंडीला येऊन बसला होता. दूतावासाने त्याच्याकडे जास्तीचा एक कागद मागितला होता आणि मेल गेला एजंटच्या इनबॉक्समध्ये. एजंटने दिवाळीला शटर ओढलं ते लाभपाचमीला उघडलं. तोवर मुदत गेली, अर्ज गेला, शुल्क गेलं. कागद त्या मुलाकडे होता! कपाटात, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, माझ्यासमोर काढून दाखवला त्याने. आणि अर्ज पाठवण्याआधी भरलेला पूर्ण फॉर्म बघा, विशेषतः आधी व्हिसा नाकारला गेला होता का, या प्रकारचे प्रश्न. एजंट तिथे सरळ "नाही" वर टिचकी मारतात.

हे थायलंडपुरतं राहत नाही, म्हणून थोडं सांगतो. उद्या तुम्हाला कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला किंवा ब्रिटनला जावंसं वाटलं तर तिथले फॉर्म विचारतात, कुठल्याही देशाने नाकारलंय का. खोटं सांगितलं तर तो नवा गुन्हा. कॅनडात खोट्या माहितीबद्दल पाच वर्षं दार बंद होतं, ऑस्ट्रेलियात खोट्या कागदाबद्दल तीन वर्षं, ब्रिटनचं वर सांगितलंच. कॅनडाने तर पैसे घेऊन काम करणाऱ्या प्रतिनिधीचं नावही अर्जात जाहीर करायला लावलंय. तिथे "मला माहीत नव्हतं, एजंटने लावलं" हे ऐकून घेतात, पण अर्जावर सही तुमची म्हणून जबाबदारी तुमच्याकडेच ठेवतात. प्रामाणिक, अपुऱ्या कागदांमुळे आलेला नकार मात्र इतका भयंकर नसतो. तो सांगायचा, कारण सांगायचं, पुन्हा अर्ज करायचा. माझ्याकडे दुसऱ्या वेळी मिळालेले कितीतरी आहेत.

परिस्थितीनुसार माझं उत्तर बदलेल अशा जागाही आहेत. तुमची विवरणपत्रं भरलेली नसतील, बहुतेक पैसे रोखीत किंवा मित्राच्या खात्यातून येत असतील, किंवा याआधी थायलंडमध्ये मुदतीपेक्षा जास्त राहिल्या असाल, तर वरचा रस्ता सरळ उरत नाही. मग आधी वर्षभर कागद सुधारावे लागतील. आणि तिथे एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस किंवा जास्त राहिलात तर तुम्ही थायलंडच्या कराच्या हिशोबात निवासी होता, हेही अकाउंटंटच्या कानावर घाला. थाई गिऱ्हाइकाचं काम मात्र या व्हिसावर घेऊ नका, कॅफेच्या मालकाने भिंतीवर चित्र काढून मागितलं तरी.

राहिले ते १५,००० रुपये. कशाने दिलेत? यूपीआयने दिले असतील तर व्यवहाराचा स्क्रीनशॉट जपा. आजच एजन्सीला मेल करा, व्हॉट्सअॅपवर नको: मला नोकरीचं पत्र आणि फंडची सोय नको, माझ्या नावाने असं कुठलंही पत्र बनवू किंवा वापरू नये, फक्त फॉर्म भरून देण्याचं काम करायचं असेल तर त्याचे दर कळवा, नाहीतर आगाऊ रक्कम परत करा. भाषा थंड ठेवा, आरोप करू नका. बडोदा छोटं गाव आहे आणि बहुतेक जण लेखी मेल बघितला की निदान अर्धे पैसे देऊन मोकळे होतात. नाही दिले तर ग्राहक आयोगाचा (पूर्वीच्या ग्राहक मंचाचा) रस्ता आहे. पण १५,००० साठी वर्षभर तारखा घ्यायच्या का, हे तुम्हीच ठरवा. मी असतो तर अर्धे घेऊन गप्प बसलो असतो.

आणि एक विचारायचं राहिलं. पासपोर्ट त्यांच्याकडे ठेवलाय का? तुमच्या प्रश्नात "सगळं जमा केलंय" असं आहे, म्हणून विचारतो. थायलंडच्या ई-व्हिसाला मूळ पासपोर्ट द्यावाच लागत नाही, स्कॅन पुरतं. शिवाय पासपोर्ट तुमचाही नाही आणि त्यांचाही नाही, १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तो भारत सरकारच्या मालकीचा आहे. पैशांसाठी तो अडवून ठेवायचा कुणालाही हक्क नाही. आधी जाऊन तो घेऊन या. कोऱ्या सह्यांचे चेक दिले असतील तर तेही मोजून. मग घरी येऊन मेल टाका.